‘नाही’ नेमके कोणी म्हटले?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण ठाण्याच्या, निवृत्त शिक्षिका. डिसेंबर २०२४ मध्ये एका आरोग्य विमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला तेव्हा आपण न्यू जर्सीत लेकीकडे होतात. लेकीच्या ज्या मैत्रिणीने आपल्या नातवाला वर्षभर पोटच्या पोरासारखे सांभाळले, ती जेवणाच्या टेबलावर ती बातमी ऐकून हसली आणि ‘बरे झाले’ म्हणाली. दोन मुलांचा बाप रस्त्यावर मारला गेला आणि चांगल्या घरातली, चांगल्या मनाची माणसे हसली, हे आपल्या मनातून अजून जात नाही. या व्यवसायात असलेल्या कुणीतरी त्याचे उत्तर द्यावे, असे आपण लिहिले आहे.

मी मूळची सांगलीची. तिथेच परिचारिका झाले आणि १९९८ मध्ये अमेरिकेत आले. काही वर्षे रुग्णांच्या खाटेशी काम केल्यावर चार वर्षे एका विमा कंपनीत पूर्वमंजुरीच्या, म्हणजे उपचाराआधी कंपनीकडून घ्यायच्या परवानगीच्या, फायली तपासल्या, आणि गेली सतरा वर्षे न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात विमा कंपन्यांनी दिलेल्या नकारांविरुद्ध अपिले लिहिते आहे. म्हणजे हा ‘नाही’ मी दोन्ही टोकांनी पाहिला आहे, आणि त्या बळावरच लिहीत आहे.

‘माणसे इतकी निर्दय कशी झाली’ असे आपण विचारता. माझ्या मते खरा प्रश्न थोडा निराळा आहे. हा राग ४ डिसेंबरला जन्मलेला नाही. तो आधीपासून घराघरांत होता. मग तो इतकी वर्षे कुठे राहिला, आणि त्याला बाहेर पडायला दुसरी वाट का सापडली नाही, हे समजले तर त्या मैत्रिणीचे हसणे समजेल. समजेल असे म्हणते आहे, योग्य ठरेल असे नाही. थॉम्पसन यांचा मृत्यू हा खून होता, आणि मी पुढे जे काही लिहीन त्यातल्या एकाही ओळीने त्या खुनाला आधार मिळत नाही, ही माझी पहिली आणि शेवटपर्यंतची भूमिका आहे.

घडले ते थोडक्यात सांगते. थॉम्पसन हे युनायटेडहेल्थकेअर या देशातल्या सर्वांत मोठ्या आरोग्य विमा कंपनीचे २०२१ पासून प्रमुख होते. आयोवात वाढलेले, मिनेसोटात स्थायिक झालेले, वय पन्नास. त्या बुधवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास गुंतवणूकदारांच्या वार्षिक बैठकीसाठी ते मॅनहॅटनमधल्या सिक्स्थ अॅव्हेन्यूवरच्या हिल्टन हॉटेलकडे चालत जात होते, तेव्हा त्यांच्यावर पाठीमागून गोळ्या झाडल्या गेल्या. घटनास्थळी सापडलेल्या काडतुसांवर ‘डिले’, ‘डिनाय’ आणि ‘डिपोज’ असे शब्द लिहिलेले होते. दावा लांबवायचा, नाकारायचा आणि तरीही माणूस मागे हटला नाही तर न्यायालयात लढत बसायचे, ही विमा कंपन्यांवरची टीका इथे जुनीच आहे; त्यातले पहिले दोन शब्द तसेच ठेवून तिसऱ्या ‘डिफेंड’च्या जागी ‘डिपोज’ लिहिलेला होता. पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, लुईजी मँजिओनी हा २६ वर्षांचा तरुण पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावी मॅकडोनाल्ड्समध्ये पकडला गेला. आपण दोषी नसल्याचे त्याने न्यायालयात सांगितले आहे. राज्याच्या खटल्यातले दहशतवादाचे आरोप सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी रद्द केले, मात्र खुनाचा आरोप कायम ठेवला. तो या कंपनीचा विमाधारक नव्हता, असे कंपनीने सांगितले आहे. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण जे हसले ते त्याच्या कहाणीवर हसले नाहीत. स्वतःची कहाणी त्यांनी त्या बातमीवर नेऊन ठेवली.

आता, सगळी अमेरिका हसली का? तसे नाही. ही कंपनी ज्यात मोडते त्या युनायटेडहेल्थ समूहाने फेसबुकवर शोकसंदेश टाकला तेव्हा त्याखाली हसऱ्या चेहऱ्याची हजारो चिन्हे उमटली, हे खरे आहे. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये संशयितासारखे दिसण्याची स्पर्धा भरली आणि मॅनहॅटनमध्ये इतर कंपन्यांच्या प्रमुखांच्या छायाचित्रांची ‘वाँटेड’ पत्रके लागली, हेही खरे आहे. परंतु त्याच महिन्यात इमर्सन कॉलेजने घेतलेल्या पाहणीत ६८ टक्के लोकांनी हे कृत्य अमान्य ठरवले आणि १७ टक्क्यांनी मान्य. १८ ते २९ या वयोगटात मात्र मान्य म्हणणारे ४१ टक्के निघाले, आणि अमान्य म्हणणारे जवळजवळ तितकेच. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नॉर्क या संस्थेच्या पाहणीत दहापैकी सुमारे आठ जणांनी या मृत्यूची मोठी किंवा बऱ्यापैकी जबाबदारी मारणाऱ्यावर टाकली, आणि दहापैकी सुमारे सात जणांनी तशीच जबाबदारी विमा कंपन्यांच्या नकारांवर आणि नफ्यावरही टाकली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बहुतेक लोकांनी मारणारा दोषी आहे हे मानले आणि त्याच दमात कंपन्यांकडेही बोट दाखवले. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची मनःस्थिती हीच होती, आणि खरे सांगायचे तर माझीही.

त्या स्पर्धेबद्दल मला काहीही समजून घ्यावेसे वाटत नाही. तो मरणाचा तमाशा होता. शोकसंदेशाखाली ज्यांनी आईच्या, मुलाच्या, स्वतःच्या नाकारलेल्या उपचारांची हकीकत लिहिली, त्यांच्याकडे मात्र मला पाठ फिरवता येत नाही, कारण अशा हकिकती मी सतरा वर्षे रोज सकाळी उघडून वाचते आहे. त्यांतली एक सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ होते. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, परंतु वाचा शाबूत आणि जिद्द दांडगी. अशा रुग्णाला पुनर्वसन रुग्णालयात हलवले, जिथे दिवसाला निदान तीन तास व्यायामोपचार होतात, तर पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ काही परत मिळू शकते. त्यांच्या विमा योजनेने पूर्वमंजुरी नाकारली आणि साध्या शुश्रूषागृहात पाठवा असे कळवले, जिथे व्यायाम त्या मानाने फारच थोडा होतो. आमच्या डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरांशी बोलायची मुभा होती, पण दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत. डॉक्टर राउंडवर होते. मी चाळीस मिनिटे फोन कानाशी धरून उभी राहिले, आणि त्यांना बोलावून आणेपर्यंत लाइन तुटली. मग तातडीचे अपील लिहिले. त्याचा निर्णय ७२ तासांत द्यावा लागतो. तो आमच्या बाजूने लागला, पण सगळे मिळून सहा दिवस गेले. त्या सहा दिवसांत त्यांचा उजवा खांदा आखडला.

त्यांची मुलगी तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत ते नकारपत्र घेऊन आली होती. नऊ पानांचे पत्र. त्यातली तिच्या वडिलांविषयीची वाक्ये दोन. बाकी सगळा ठरावीक मजकूर आणि शेवटी भाषासाहाय्याच्या सूचना, ज्यांत आमच्याकडे गुजराती आणि हिंदी असते, मराठी मी तरी अजून पाहिलेली नाही. तिने ती दोन वाक्ये बोटाने दाखवली आणि विचारले, ‘हे कोणी ठरवले? त्या माणसाने माझ्या बाबांना पाहिले आहे का? त्याचे नाव काय?’ ती ओरडत नव्हती. तिला खरोखरच नाव हवे होते. पत्राखाली एका डॉक्टरची सही होती, पण तो डॉक्टर कोणत्या राज्यात बसतो, कोणत्या शाखेचा आहे, त्याने फाइल किती वेळ पाहिली, यातले काहीही मी तिला सांगू शकले नाही.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर या प्रसंगात आहे. इथल्या माणसाला ‘नाही’ ऐकावे लागते, पण तो ‘नाही’ म्हणणारा कुणी समोर नसतो. जाब विचारायला तोंडच नसेल तर राग विझत नाही, तो साचतो. त्या सकाळी अचानक त्या सगळ्याला एक नाव आणि एक चेहरा मिळाला, आणि साचलेले सारे त्या चेहऱ्यावर जाऊन आदळले.

तो चेहरा चुकीचा होता असे मला का वाटते, ते मी विमा कंपनीत काम केले आहे म्हणून सांगू शकते. फाइल आधी माझ्यासारख्या परिचारिकेकडे येई. समोर निकषांची संगणकीय यादी असे. इंटरक्वाल आणि एमसीजी हे या क्षेत्रातले नेहमीचे दोन संच. सगळ्या खुणा जुळल्या तर मी मंजुरी देऊ शकत असे, पण नकार देण्याचा अधिकार मला नव्हता. जुळले नाही तर फाइल कंपनीच्या डॉक्टरकडे जाई आणि सही तो करी. त्याच्यापुढे दिवसभरात ज्या संख्येने फायली येत, ती पाहता तो बहुतेक वेळा माझी टिपणी वाचूनच निर्णय घेत असावा, असे मला तेव्हाही वाटे. मी म्हणे, नकार डॉक्टरने दिला. डॉक्टर म्हणे, निकषांत बसत नव्हते. निकष लिहिणारी संस्था म्हणे, ही केवळ मार्गदर्शक तत्त्वे आहेत, निर्णय तुमचा. आम्ही कुणी दुष्ट नव्हतो. दुपारी एकत्र डबे खात होतो, एकमेकींच्या मुलांच्या वाढदिवसाला जात होतो. तरीही संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी उपचार थांबलेला असे, आणि तो कुणी थांबवला हे आमच्यापैकी कुणालाही सांगता आले नसते. मी ती नोकरी सोडली त्याचे कारण हेच.

यात आणखी एक पदर आहे, जो इथे राहणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात साठ टक्क्यांहून अधिक कर्मचारी अशा योजनांत असतात जिथे उपचाराचे पैसे खुद्द मालक-कंपनी देते आणि विमा कंपनी फक्त कारभार पाहते. कार्डावर नाव विमा कंपनीचे, तिजोरी मालकाची. अशा योजनांवर राज्याच्या विमा नियंत्रकाचा अधिकार जवळजवळ चालत नाही, कारण १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा आडवा येतो. आणि त्याच कायद्यामुळे न्यायालयात जिंकले तरी साधारणपणे नाकारलेल्या उपचाराची रक्कम तेवढी मिळते, झालेल्या हानीची भरपाई मिळत नाही. नोकरी बदलल्याशिवाय सहसा विमा बदलता येत नाही, आणि आजारी माणसाला नोकरी बदलता येत नाही. आपल्या लेकीसारखे जे व्हिसावर आहेत त्यांची गाठ तर दुहेरी आहे.

न्यायाने बोलायचे तर माझ्या स्वतःच्या बाजूबद्दलही बोलले पाहिजे. अमेरिकेने २०२३ मध्ये आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के. युनायटेडहेल्थ समूहाची त्या वर्षीची उलाढाल ३७१ अब्ज डॉलरच्या वर होती आणि निव्वळ नफा शेकडा सहाच्या आसपास. तो सगळा नफा परत वाटला तरी इथली बिले भारतातल्यासारखी होणार नाहीत, कारण दर मुळातच अवाढव्य आहेत आणि ते दर आम्ही, म्हणजे रुग्णालये आणि औषध कंपन्या, लावतो. शिवाय काही नकार योग्यही असतात; गरज नसलेल्या शस्त्रक्रिया थांबलेल्या मी पाहिल्या आहेत. मग लोकांचा राग विमा कंपनीवरच का? कारण रुग्णालय आधी हात धरते आणि मग बिल पाठवते. विमा कंपनी आधी हप्ता घेते आणि ऐन वेळी नाही म्हणते. वर्षानुवर्षे पैसे भरलेल्या माणसाला हा नकार शब्द मोडल्यासारखा लागतो.

राग किती खरा आहे हे परिस्थितीवर अवलंबून असते, हेही कबूल करते. केएफएफ या आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत विमाधारकांपैकी ८१ टक्क्यांनी आपल्या विम्याला चांगला किंवा उत्तम म्हटले, आणि त्याच पाहणीत ५८ टक्क्यांना वर्षभरात विमा वापरताना काही ना काही अडचण आली होती. निरोगी माणसाचा विमा चांगलाच असतो. प्रकृती जितकी खालावते तितका तोच विमा वाईट दिसू लागतो. म्हणून एकाच घरात नवरा म्हणतो आमची योजना उत्तम, आणि बायको ते नाव ऐकताच उठून जाते.

नकार किती दिले जातात, याचा संपूर्ण देशाचा एक विश्वासार्ह आकडा नाही, कारण सगळ्या योजनांना तो जाहीर करावा लागत नाही. खुनानंतर समाजमाध्यमांवर ‘तिनातला एक दावा नाकारतात’ असे फिरत होते. तो आकडा काही ठरावीक योजनांचा होता, त्यावर विसंबू नये. जे पक्के आहे ते सांगते. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून विकल्या जाणाऱ्या योजनांनी २०२३ मध्ये आपल्याच जाळ्यातल्या, म्हणजे करार केलेल्या, डॉक्टर-रुग्णालयांचे १९ टक्के दावे नाकारले. सरकारी पैशांवर खासगी कंपन्या चालवतात त्या वृद्धांसाठीच्या मेडिकेअर अॅडव्हांटेज योजनांबाबत सिनेटच्या चौकशी उपसमितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे खुनाच्या जेमतेम दीड महिना आधी, अहवाल दिला होता. युनायटेडहेल्थकेअरचे रुग्णालयोत्तर उपचारांचे नकार २०२० मध्ये १०.९ टक्के होते ते २०२२ मध्ये २२.७ टक्क्यांवर गेले, असे त्यात म्हटले आहे. आमच्या बसचालकांना नाकारले गेले ते याच जातीचे उपचार होते. संगणकाच्या भाकितावरून असे नकार दिले जातात, असा आरोप करणारा खटलाही २०२३ पासून मिनेसोटाच्या न्यायालयात आहे. कंपनीला तो आरोप मान्य नाही.

आणि आता ज्या आकड्यामुळे मला रात्री झोप लागत नाही तो. वर सांगितलेल्या १९ टक्के नकारांपैकी अपील झाले ते एक टक्क्याहूनही कमी. मेडिकेअर अॅडव्हांटेजमध्ये २०२२ साली नाकारलेल्या पूर्वमंजुऱ्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांवर अपील झाले, आणि त्या अपिलांपैकी ८३ टक्क्यांत कंपनीने आपला निर्णय पूर्णतः किंवा अंशतः फिरवला. म्हणजे भांडायला गेलेल्या दहापैकी आठ जणांना काही ना काही मिळाले, पण गेला दहातला एकच. बाकीचे का गेले नाहीत? ते आजारी होते. पत्र नऊ पानांचे होते. कुणाला वाटले की डॉक्टरनेच सही केली आहे तर खरेच असेल. कुणी पदरचे पैसे भरले, कुणी उपचारच सोडला. वाट होती, पण ती माणूस सर्वांत दुबळा असतो त्या घडीला चालावी लागते. जो राग डिसेंबरमध्ये बाहेर आला, त्यातला बराचसा न लिहिलेल्या अपिलांचा होता, असे माझे मत आहे.

या खुनाने काही बदलले का, असेही पुष्कळ जण विचारतात, आणि त्या मैत्रिणीच्या ‘बरे झाले’मध्येही हाच अर्थ दडलेला असावा. ५ डिसेंबरला अँथेम ब्लू क्रॉस ब्लू शील्डने भूल देण्याच्या वेळेवर मर्यादा घालणारे, काही राज्यांपुरते जाहीर केलेले धोरण मागे घेतले. लोकांनी दोन घटना जोडल्या आणि गोळीने काम केले असे म्हटले. त्या धोरणाविरुद्ध भूलतज्ज्ञांच्या संघटनेने नोव्हेंबरमध्येच जाहीर आक्षेप घेतला होता, आणि राज्यांतले लोकप्रतिनिधीही बोलू लागले होते. खुनानंतरच्या संतापाने कंपनीची घाई वाढली असेल, हे मी नाकारत नाही. पण ज्या सुधारणेचा मला कामात रोज उपयोग होतो ती वेगळीच आहे. न्यू जर्सीचा पूर्वमंजुरीविषयीचा नवा कायदा, ज्यात कंपन्यांना निर्णयासाठी मुदती घालून दिल्या आहेत, जानेवारी २०२४ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. जानेवारी २०२४ मध्येच केंद्र सरकारनेही मेडिकेअर अॅडव्हांटेज आणि काही सरकारी योजनांसाठी नियम केला की २०२६ पासून तातडीच्या विनंतीवर ७२ तासांत आणि साध्या विनंतीवर सात दिवसांत उत्तर द्यावे. हे दोन्ही त्या खुनाच्या जवळजवळ अकरा महिने आधीचे आहे.

खुनाने जे बदलले ते मी दुसऱ्याच दिवशी फोनवर ऐकले. ५ डिसेंबरला सकाळी एका विमा कंपनीला, नाव लिहीत नाही, मी नेहमीप्रमाणे अपिलाच्या चौकशीसाठी फोन केला. पलीकडच्या मुलीचा आवाज कापत होता. आमच्या नियमाप्रमाणे मी तिचे नाव विचारले, कारण प्रत्येक संभाषणाची नोंद नावासह ठेवावी लागते. ती थोडी थांबली आणि म्हणाली, आज नाव देऊ नका असे सांगितले आहे, फक्त क्रमांक लिहून घ्या. सकाळपासून तीन जणांनी तिला ‘पुढची पाळी तुमची’ असे ऐकवले होते. ती तासाच्या पगारावर काम करणारी, कोणताही नकार न दिलेली आणि कोणताही नकार फिरवू न शकणारी मुलगी होती. त्याच दिवसांत अनेक कंपन्यांनी संकेतस्थळांवरून आपल्या अधिकाऱ्यांची नावे आणि छायाचित्रे काढून टाकली. बसचालकांच्या मुलीला हवे होते ते नाव आधीच सापडत नव्हते. आता जी थोडी नावे दिसत होती तीही झाकली गेली. ‘बरे झाले’ म्हणणाऱ्यांना मला इतकेच दाखवायचे असते.

युनायटेडहेल्थ समूहाचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू विटी यांनी १३ डिसेंबरला न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून, ही व्यवस्था आज आहे तशी कुणी मुद्दाम आखली नसती, अशी कबुली दिली. ती प्रामाणिक असेलही. परंतु नकारपत्राची पाने नवाची दोन झाली आणि त्यावर निर्णय देणाऱ्या डॉक्टरची शाखा व थेट फोन क्रमांक छापला गेला, तर मला त्या लेखापेक्षा अधिक समाधान वाटेल. त्याला फारसा खर्चही येणार नाही.

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे येते. त्या मैत्रिणीला ‘तू हसलीस कशी’ असे विचारू नये, असे मी सुचवेन. त्याला ती एक तर लाजेल किंवा चिडेल, आणि दोन्हीतून काही कळणार नाही. ‘तुमच्या घरात कुणाचे काय नाकारले होते का’ असे लेकीकरवी विचारून पाहा. माझा अंदाज चुकू शकतो, पण दुसऱ्याच्या मुलाला वर्षभर सांभाळणारी बाई एका खुनावर हसते तेव्हा बहुधा तिच्या घरात कुठल्या तरी खणात एक पत्र पडलेले असते.

तसे पत्र निघालेच, तर प्रथम त्यावरची तारीख पाहायला सांगा. बहुतेक योजनांत नकार हाती आल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडे अपील करता येते. तिथे हार झाली तर, वैद्यकीय गरजेचा प्रश्न असल्यास, चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते आणि तो निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. मालकाच्या पैशांवर चालणाऱ्या योजनांनाही हे सर्वसाधारणपणे लागू आहे. अपिलासोबत डॉक्टरांचे पत्र जोडावे आणि त्यात कंपनीने लावलेला निकष शब्दशः लिहून, रुग्ण त्यात कुठे बसतो ते एकेक मुद्द्याने दाखवावे. ‘उपचार अत्यावश्यक आहे’ एवढ्या मोघम वाक्याने काम होत नाही. कोणत्या निकषावर नाकारले हे पत्रात नसेल, तर ती कागदपत्रे कंपनीकडून विनामूल्य मागण्याचा तिला हक्क आहे. नाव, जन्मतारीख आणि सदस्य क्रमांक झाकून तिने ती दोन वाक्ये मला पाठवली, तर अपिलाचा पहिला परिच्छेद कसा लिहावा हे मी सांगेन.